परतफेड कोणी मागितली आहे?

पुण्यातील एका वाचकाचे दीर्घ पत्र आले आहे. ओळख पटेल असे तपशील वगळून त्याचा सारांश येथे देत आहोत.

पत्रलेखक ५७ वर्षांचे आहेत. हवाई दलातील त्यांची बहुतेक नोकरी एएन-३२ या मालवाहू विमानावर झाली. येलहंका, चंदिगड, आग्रा, जोरहाट अशा बदल्या करत ते ग्रुप कॅप्टन या हुद्द्यावरून तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाले. मुलांच्या शिक्षणासाठी पत्नी त्याआधीच पुण्यात स्थिरावल्या होत्या आणि शेवटच्या दोन नेमणुका त्यांनी एकट्यानेच काढल्या. पत्नी घरी नववी-दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेतात, मुलगा बंगळुरूला नोकरी करतो, मुलगी पुण्यातच कायद्याचे शिक्षण घेते. ८३ वर्षांच्या आई साताऱ्याजवळच्या गावी धाकट्या भावाकडे असतात. ‘नोकरीत घराला वेळ दिला नाही, आता त्याची भरपाई करायची’ असे ठरवून त्यांनी निवृत्तीनंतर कोणतेही काम धरले नाही. मात्र घरात आपण पाहुणे आहोत असे त्यांना वाटत राहते. स्वयंपाकघरात पांढरा फळा लावून त्यावर सगळ्यांचे दिवसभराचे वेळापत्रक लिहिण्याची पद्धत त्यांनी सुरू केली, ती महिनाभरात बंद पडली. शिकवणीला सात मिनिटे उशिरा आलेल्या दोन मुलांना त्यांनी दारातूनच परत पाठवले, तेव्हा पत्नी दोन दिवस त्यांच्याशी बोलल्या नाहीत. मुलगी एका शब्दात उत्तरे देते. घरात हल्ली सगळेच पुटपुटतात, अशीही त्यांची तक्रार आहे. अशात एका कोर्समेटने, म्हणजे प्रशिक्षणाच्या काळातील सोबत्याने, दिल्लीतील एका चार्टर विमान कंपनीत वैमानिकाची नोकरी सुचवली आहे. महिन्यातील सुमारे वीस दिवस तिकडे राहावे लागेल. पत्नीला विचारले, तर त्या ‘तुम्ही ठरवाल ते’ एवढेच म्हणाल्या. त्यांचा प्रश्न असा आहे: ‘घरच्यांचे देणे अर्धवट टाकून मी पुन्हा उडायला जावे, की मन मारून घरी राहावे?’

सप्रेम नमस्कार,

तुमचे पत्र नीटनेटके आहे, घटना क्रमवार आहेत, दोन्ही पर्यायांचे फायदे-तोटे वेगवेगळ्या परिच्छेदांत मांडलेले आहेत. मात्र साडेतीन पानांच्या या पत्रात पत्नीचे म्हणून एकच वाक्य आहे, मुलीचे एकही नाही आणि आईंना काय हवे आहे याचा उल्लेखही नाही. ज्यांचे देणे फेडायला तुम्ही निघाला आहात, त्यांच्यापैकी कोणी ते मागितले आहे का, हे पत्र दोनदा वाचूनही मला समजले नाही. देण्याची रक्कम तुम्हीच ठरवली, हप्तेही तुम्हीच बांधले आणि समोरचा ते घेत नाही म्हणून खंतही तुम्हीच करत आहात. म्हणून तुमच्या प्रश्नाला थेट ‘जा’ किंवा ‘राहा’ असे उत्तर देण्याआधी मी या देण्याच्या हिशेबाकडेच थोडे पाहणार आहे.

तीस-बत्तीस वर्षे तुम्ही घरी आलात ते रजेवर. रजेवर आलेल्या माणसासाठी घर आपला नित्यक्रम बाजूला ठेवते. आवडीचे जेवण होते, मुले शाळा बुडवतात, नातेवाइकांकडे जाणे-येणे होते. त्या दिवसांत तुम्हाला जे घर दिसले ते तुमच्या येण्यामुळे तसे झालेले होते, आणि तुम्ही परत गेल्यावर ते ज्या गतीने चालत असे ती गती तुम्ही कधी पाहिलीच नाही. आता तुम्ही कायमचे आलात, तेव्हा दिसते आहे ते हे दुसरे घर. तिथे तुमच्या वेळेची एक रिकामी खुर्ची मांडून कोणी बसलेले नव्हते. तशी अपेक्षा करणे स्वाभाविक आहे, पण ती मनातल्या मनात तपासून पाहायला हवी. जी वर्षे गेली ती ज्या मुलांची होती, ती आठ-दहा वर्षांची मुले आता या घरात नाहीत. त्यांच्या वाट्याचा वेळ बावीस वर्षांच्या मुलीला देऊ केला, तर तिला तो पाळत ठेवल्यासारखाच वाटणार.

पत्नीच्या बाबतीत मला अधिक सविस्तर लिहावेसे वाटते. तुम्ही लिहिले आहे की, दर नव्या ठिकाणी त्या तिथल्या शाळेत तात्पुरत्या शिक्षिका म्हणून लागत आणि बदली झाली की ते सोडून देत. हवाई दलाच्या तळावर राहिलेल्या कोणत्याही शिक्षिकेला हे ठाऊक असते: दर दोन-तीन वर्षांनी नवी शाळा, पुन्हा पहिल्या पायरीवरचा पगार, ज्येष्ठता शून्य, निवृत्तिवेतनाचा प्रश्नच नाही. त्याशिवाय अधिकाऱ्याची पत्नी म्हणून कल्याणकारी सभा, नव्याने आलेल्या कुटुंबांची व्यवस्था, कोणाच्या घरी दुःखद बातमी आली तर पहिली तिथे पोहोचणारी व्यक्ती, ही बिनहुद्द्याची कामे. पुण्यातील या शिकवण्या हे त्यांच्या आयुष्यातले पहिले काम आहे जे त्यांना कोणाच्या बदलीच्या हुकमामुळे सोडावे लागलेले नाही. त्या दोन मुलांना तुम्ही परत पाठवलेत, तेव्हा शिस्तीचा प्रश्न फारसा नव्हताच. वर्ग त्यांचा होता, उशिराने आलेल्यांचे काय करायचे हे त्या ठरवणार होत्या, आणि त्या मुलांच्या आयांशी फोनवर बोलायची वेळही त्यांच्यावरच आली असणार. तुमच्या विमानात दुसऱ्या कोणी परस्पर असा निर्णय घेतला असता, तर तुम्हीही दोन दिवस गप्प राहिला नसता, बरेच काही बोलला असता.

आता ‘तुम्ही ठरवाल ते’. या उत्तराला तुम्ही होकार मानले आहे आणि थोडे दुखावलेही गेला आहात, कारण त्यांनी ‘जाऊ नका’ असे म्हटले नाही. मला तो होकारही वाटत नाही आणि बेफिकिरीही वाटत नाही. एएन-३२ वरच्या वैमानिकांच्या घरांत दोन तारखा कोणी विसरत नाही. २२ जुलै २०१६ रोजी तांबरमहून पोर्ट ब्लेअरकडे निघालेले विमान २९ जणांसह बंगालच्या उपसागरावर नाहीसे झाले, आणि त्याचे अवशेष सुमारे ३,४०० मीटर खोल समुद्रतळाशी असल्याचे कळले ते थेट जानेवारी २०२४ मध्ये. ३ जून २०१९ रोजी जोरहाटहून अरुणाचलातील मेचुकाला निघालेले विमान डोंगरात कोसळले, ते सापडायला आठ दिवस लागले, आत असलेले तेराही जण गेले. तुम्ही पत्रात या घटनांचा उल्लेख ‘आमच्या ताफ्याचे वाईट दिवस’ एवढाच करता. तुम्ही तेव्हा कामात होता. शोधमोहिमा होत्या, चौकशा होत्या, दुसऱ्या दिवशीची उड्डाणे होती. पत्नीजवळ काय होते? एक फोन आणि शेजारच्या क्वार्टरमधली कोणीतरी. आणि त्यांच्यासाठी असे दिवस दोनच नव्हते. ढग उतरल्यामुळे तुम्ही दुसऱ्याच तळावर उतरलात आणि निरोप संध्याकाळी आला, असे कितीतरी दिवस त्यांच्या मोजणीत असतील. हे सगळे तीन वर्षांपूर्वी संपले असे त्यांनी मानले असेल, तर पुन्हा उडण्याच्या प्रस्तावावर त्या काय म्हणणार? ‘नको’ म्हटले तर नवऱ्याचे पंख कापले, ‘जा’ म्हटले तर पुन्हा ते सगळे सुरू. मग राहते ‘तुम्ही ठरवाल ते’. असेच असेल असे मी छातीठोकपणे म्हणत नाही, कारण मी त्यांना ओळखत नाही. पण विचारायला तुम्ही आहात.

कसे विचारायचे, यासाठी तुमच्याच व्यवसायाकडे वळते. टेनेरिफे या स्पॅनिश बेटावरील दुर्घटनेची हकीकत तुम्हाला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, इतर वाचकांसाठी थोडक्यात सांगते. २७ मार्च १९७७ रोजी त्या बेटावरील विमानतळाच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जम्बो जेट विमाने एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसे मृत्युमुखी पडली. एका विमानाच्या कॅप्टनने परवानगी मिळण्याआधीच उड्डाण सुरू केले होते. दुसरे विमान अजून धावपट्टीवर नाही ना, अशी शंका त्याच्या फ्लाइट इंजिनिअरने बोलून दाखवली. कॅप्टन त्या कंपनीतील अत्यंत ज्येष्ठ प्रशिक्षक होता. त्याने ती शंका ठामपणे उडवून लावली, आणि पुढे कोणी बोलले नाही. त्यानंतरच्या वर्षांत जगभर वैमानिकांना हे मुद्दाम शिकवले जाऊ लागले की, कॅप्टनला प्रश्न विचारणे हे सहवैमानिकाचे कर्तव्य आहे आणि तो विचारता येईल असे वातावरण ठेवणे हे कॅप्टनचे. तुम्ही स्वतः हे धडे घेतले असतील, कदाचित दिलेही असतील. उड्डाणानंतर काय चुकले याची चर्चा होते त्या डिब्रीफमध्ये कनिष्ठ फ्लाइंग ऑफिसरही ज्येष्ठ विंग कमांडरची चूक सांगू शकतो आणि त्याचे कोणाला काही वाटत नाही. तुम्ही घरी आणलेत ते मात्र फक्त ब्रीफिंग, म्हणजे उड्डाणाआधीच्या सूचना. सकाळचा फळा, वेळा, कोण कुठे जाणार, मुलीच्या नावापुढे परतण्याची अपेक्षित वेळ. त्या फळ्यावर ‘आज बाबांचे काय चुकले’ असा एखादा रकाना असता, तर मला वाटते तो महिन्याभराहून अधिक टिकला असता.

तेव्हा या आठवड्यात शिकवण्या नसतील अशा वेळी पत्नीबरोबर बसा आणि दिल्लीचा विषय काढू नका. एवढेच विचारा की, मी घरी आल्यापासून तुला काय जड गेले. मग ऐका. स्पष्टीकरण देऊ नका, ‘त्यामागे माझा हेतू असा होता’ हे वाक्य तर अजिबात नको. पहिल्या बैठकीत त्या बहुधा ‘काही नाही’ म्हणतील, कारण इतक्या वर्षांत त्यांना हा प्रश्न कोणी विचारलेला नसेल. पुन्हा विचारावा लागेल, काही दिवसांनी, तितक्याच साधेपणाने.

ऐकण्याचा विषय निघालाच आहे, तर तुम्हाला कदाचित विषयांतर वाटेल अशी एक गोष्ट सांगते, पण माझ्या दृष्टीने ती या उत्तरातली सर्वांत तातडीची आहे. तुमचे कान तपासून घ्या. घरात सगळे पुटपुटतात असे तुम्ही लिहिले आहे. एएन-३२ च्या पंखांवर बसवलेल्या दोन टर्बोप्रॉप इंजिनांच्या आवाजात तुम्ही आयुष्यातील हजारो तास काढलेत, हेडसेट लावूनही. मोठ्या आवाजाने होणारी श्रवणहानी साधारणपणे ४,००० हर्ट्झच्या आसपासच्या उंच कंपनसंख्येपासून सुरू होते. माणसाला आवाज ऐकू येतो, पण स, श, फ, थ यांसारखी व्यंजने निसटतात, आणि विशेषतः स्त्रियांचे व मुलांचे बोलणे अस्पष्ट वाटू लागते. भांड्यांचा किंवा दूरचित्रवाणीचा आवाज मागे असेल, तर आणखीच. मग घरचे पुन्हा सांगतात, तिसऱ्यांदा सांगताना त्यांचा सूर चढतो, आणि ऐकणाऱ्याला वाटते की हे उगाच चिडतात. सेवेतील वार्षिक वैद्यकीय तपासणीनंतर तीन वर्षांत तुम्ही श्रवणचाचणी करून घेतली असेल असे पत्रावरून वाटत नाही. माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून कान-नाक-घशाच्या तज्ज्ञाकडे पाठवतात, आणि गरज असेल तर श्रवणयंत्रही त्या योजनेतून मिळू शकते. पुन्हा उडायचे ठरवलेत, तर वैमानिकांसाठीच्या वर्ग १ च्या वैद्यकीय तपासणीत कान पाहिले जाणारच आहेत. नाही ठरवलेत, तरी मुलीची एका शब्दातली उत्तरे मुळात तीन-चार शब्दांची असण्याची शक्यता आहे. रणगाडा, तोफखाना, नौकेचे इंजिनघर, कारखाना, अशा ठिकाणी आयुष्य काढलेल्या सर्वच वाचकांनी हे मनावर घ्यावे.

मुलीबद्दल फार लिहीत नाही. परतण्याची वेळ विचारणे सोडून द्या आणि तिला येत असलेले काहीतरी तिच्याकडून समजून घ्या. वकिलीचे शिक्षण घेणाऱ्या मुलीला वडिलांनी भाडेकरार दाखवून ‘यात काय अडचण आहे’ असे विचारले, तर ती दहा मिनिटे तरी बोलते.

आईंना दिवाळीनंतर पुण्याला आणायचे तुम्ही ठरवले आहे, असे ओझरते लिहिले आहे. ८३ वर्षांच्या बाईला तिचे अंगण, शेजारणी आणि ओळखीचा डॉक्टर सोडून चौथ्या मजल्यावर राहायला बोलावणे हाही एक बदलीचा हुकूमच आहे. इतकी वर्षे त्यांचे सगळे पाहणाऱ्या धाकट्या भावाला आणि भावजयीला तुम्ही विचारले आहे का? माझे मत असे की, आईंनी पुण्याला येण्यापेक्षा तुम्ही महिन्यातले आठ दिवस साताऱ्याला जाऊन राहावे, भावजयीला त्या दिवसांत माहेरी किंवा हवे तिथे जाता येईल, आणि औषधे, दवाखाना, वीजबिल हे सगळे तुमच्याकडे असावे. तुम्ही ज्याला देणे म्हणता, त्यातले खरोखर थकलेले देणे मला तरी या एकाच ठिकाणी दिसते.

आता नोकरी. पैशांची गरज नाही असे तुम्ही म्हणता, त्यामुळे तो मुद्दा बाजूला ठेवू. मग उरते ती उडण्याची ओढ, आणि ती लपवण्यासारखी गोष्ट नाही. तुमच्या पत्रात फक्त एका ठिकाणी तुमची भाषा सैल झाली आहे, ती लेहच्या पहाटेच्या उड्डाणाविषयी लिहिताना: दुपारी वारे सुटण्याआधी उतरून, इंजिने चालूच ठेवून माल उतरवून परत निघायचे, आणि परतताना उजवीकडे उन्हात उजळलेली शिखरे. असे लिहिणाऱ्या माणसाने ‘मन मारून घरी राहावे का’ असे विचारू नये, कारण मन मारून घरी राहिलेला माणूस घरच्यांना त्याची किंमत मोजायला लावतो. म्हणून जायचेच असेल, तर ‘मला उडायचे आहे’ असे घरी सरळ सांगा. ‘घरात माझी कोणाला गरज नाही, म्हणून जातो’ असे मात्र सांगू नका. दुसरे कारण देऊन गेलात, तर पत्नीच्या अंगावर विनाकारण दोष टाकून जाल.

प्रस्तावाचीही नीट छाननी करा. आपल्याकडे व्यावसायिक उड्डाणाला वयाची ६५ वर्षांची मर्यादा आहे, म्हणजे तुमच्या हातात फार तर आठ वर्षे आहेत. नागरी परवाना तुम्ही निवृत्तीपूर्वीच काढून ठेवलात हे उत्तम केले, पण तीन वर्षे उड्डाण नाही, त्यामुळे अलीकडच्या तासांची अट आणि नव्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचे विमान उडवण्याची पात्रता, हे दोन्ही समोर येणार. त्या प्रशिक्षणाचा खर्च काही लाखांचा असतो. तो कंपनी करणार की तुम्ही, आणि कंपनीने केला तर नोकरी न सोडण्याचा किती वर्षांचा बाँड, हे लेखी घ्या. चार्टर उड्डाणांत वेळापत्रक ग्राहकाच्या मर्जीवर चालते, म्हणून ‘वीस दिवस’ हा आकडा करारात आहे की कोर्समेटच्या बोलण्यात, तेही पाहा. आणि एक विचित्र वाटणारा प्रश्न स्वतःला विचारा: दोन माणसांना घेऊन दिल्लीहून जयपूरला जाणे आणि तास-दोन तास त्यांची वाट पाहत बसणे, यात तुम्हाला हवे असलेले उड्डाण आहे का?

मधला मार्गही आहे. व्यावसायिक वैमानिक परवान्याची तयारी करणाऱ्या मुलांना विमानमार्गदर्शन आणि हवामानशास्त्र हे विषय शिकवणाऱ्या चांगल्या शिक्षकांची गरज असते, आणि ईशान्येच्या पावसाळी ढगांतून मेचुकासारख्या धावपट्ट्यांवर उतरलेला माणूस हवामान शिकवू लागला, तर मुले पुस्तक मिटून ऐकतील. बारामतीला उड्डाण प्रशिक्षण चालते आणि ते पुण्यापासून गाडीने काही तासांवर आहे. प्रशिक्षकाचे रेटिंग मिळवून तिथे आठवड्यातले दोन-तीन दिवस हवेतही जाता येईल. छत्रपती संभाजीनगर येथील राज्य शासनाची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून एनडीएसाठी मुले तयार करते, अशा ठिकाणी निवृत्त अधिकाऱ्यांच्या अनुभवाला मोल असते. यातले काहीही पत्करलेत, तरी दुपारी चार ते आठ या वेळेत, म्हणजे शिकवण्यांच्या वेळेत, तुम्ही घराबाहेर असाल, हा त्याचा किरकोळ नसलेला फायदा आहे.

माझा कल या मधल्या मार्गाकडे आहे, हे लपवत नाही. पण पत्नीने सगळे बोलून झाल्यावर ‘जा, सहा महिने करून पाहा’ असे म्हटले, तर जरूर जा, आणि सहा महिन्यांनी दोघांनी बसून पुन्हा ठरवायचे असे आधीच ठरवून जा. कंपनीला उत्तर द्यायला तुमच्याकडे दहा दिवस आहेत असे दिसते. महिनाभराची मुदत मागा. अनुभवी वैमानिकासाठी कंपनी तेवढे थांबते, आणि थांबत नसेल तर करारातील बाकीच्या अटीही तशाच असतील असे समजावे.

एक काम मात्र कोणत्याही निर्णयाची वाट न पाहता करायचे आहे. निवृत्तिवेतनाचा आदेश, संरक्षण निवृत्तिवेतनाच्या ऑनलाइन ‘स्पर्श’ प्रणालीवरचा लॉगिन, दरवर्षीचा हयातीचा दाखला, ईसीएचएस कार्डे, विमा, हे सगळे ‘मीच बघतो’ असे तुम्ही अभिमानाने लिहिले आहे. पत्नीला यातले काय माहीत आहे? आदेशावर त्यांचे नाव व जन्मतारीख आधार कार्डाप्रमाणे आहे का, बँक खाते संयुक्त आहे का, एकरकमी पैसे घेऊन विकलेला निवृत्तिवेतनाचा हिस्सा १५ वर्षांनी कोणत्या महिन्यात पूर्ववत होणार, तुमच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन सुरुवातीला वाढीव दराने आणि काही वर्षांनी कमी दराने मिळते हे त्यांना ठाऊक आहे का, हे तपासा. नाव किंवा जन्मतारखेतील एका अक्षराच्या किंवा आकड्याच्या फरकासाठी वीरपत्नी आणि वृद्ध माता जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात खेपा घालताना दिसतात. एक फाइल करा, पत्नीला शेजारी बसवा, आणि लॉगिन त्यांना त्यांच्या हाताने करू द्या. त्या गणित शिकवतात, आकडेमोडीत एखादी चूक त्यांनी काढली, तर ती दुरुस्त करून घ्या.